माय नीट बोलत होती तेव्हा

कार्तिक लागला की माझ्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी होतात. कुणाला ताप येतो, कुणाच्या आजीची तब्येत बिघडते, कुणाच्या मामेबहिणीला दरवर्षी नेमक्या याच आठवड्यात पाहुणे बघायला येतात. हजेरी घेताना मी चेहरा गंभीर ठेवते. खरं कारण मला माहीत असतं आणि मला ते माहीत आहे हे मुलांनाही माहीत असतं. धान कापणीला आलेलं असतं. आठ-दहा दिवसांनी हीच मंडळी परत येतात, बोटांना चिंध्या बांधलेल्या, मानेवर कुसळांचे चट्टे उठलेले, आणि माझ्या तासाला बाकावर डोकं टेकवून गाढ झोपतात. मी भाषाविज्ञान शिकवते. झोप येण्याजोगाच विषय आहे, असं आमच्या महाविद्यालयात सर्वांचं मत आहे.

मला हे दिवस आवडतात. सकाळी बसनं येताना खिडकीतून कापलेल्या धानाचा वास आत येतो, ओलसर आणि थोडा गोड. आता बऱ्याच ठिकाणी यंत्र फिरतं. सकाळी उभं असलेलं धान दुपारी पोत्यात गेलेलं असतं. तरी मधूनच एखाद्या बांधीत, धानाच्या खाचरात, बाया ओळीनं वाकलेल्या दिसतात. त्यांच्या पाठी दिसतात, चेहरे दिसत नाहीत. मी काचेला नाक लावून त्यांच्यात एक पाठ शोधते. ती पाठ आता माझ्याच घरी, पलंगावर उशी घेऊन टेकलेली असते, हे ठाऊक असूनही शोधते.

दर कार्तिकात मी मुलांना एक काम देते. आपापल्या गावी जायचं, घरातल्या नाहीतर शेजारच्या जुन्या माणसाला बोलतं करायचं, फोनवर ते बोलणं टिपायचं आणि त्यातल्या पन्नास शब्दांची टिपणं लिहून आणायची. कापणीला जाणारच आहात तर तेवढं करून या, असा त्यातला गुप्त समझोता आहे. यंदा एका मुलीनं मात्र वेगळंच काढलं. रूपाली तिचं नाव. चिखल्याची आहे, वडील खाणीत काम करतात. तास संपल्यावर ती टेबलाशी घुटमळत राहिली.

"मॅडम, मला दुसरं गाव द्या ना."

"का? तुझ्या घरी कोण असतं?"

"आई असते. पण आमच्याकडे धान नाही, खाण आहे. कॉलनीत सगळीकडची माणसं आहेत. आणि..." ती टेबलावरच्या खडूशी खेळत म्हणाली, "आमच्या घरचं बोलणं धड मराठी नाही, मॅडम. अर्धं हिंदीच आहे. तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही."

मला कशाचा उपयोग आहे, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी मुलगी ओळखायला मला फार वेळ लागत नाही, मीही एके काळी तेच भांडं पाठीमागं धरून उभी होते. तिला "रविवारी माझ्या घरी ये," म्हटलं, "माझी आई बोलेल तुझ्याशी."

घरी येताना बसमध्ये मला माझी कापणी आठवली.

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. मामा मात्र 'आपला जिल्हा' म्हणताना अजून गोंदियाही त्यातच धरायचा. नकाशे बदलतात, सोयरिकी थोड्याच बदलतात, असं त्याचं म्हणणं. मी नागपूरला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या सरांनी प्रत्येकाला एक बोली वाटून दिली. मी अड्याळची, त्यामुळं झाडीबोली माझ्या वाट्याला न मागता आली. विभागाचा एक जुना टेपरेकॉर्डर, चार कॅसेटी आणि तीनशे प्रश्नांची छापील प्रश्नावली. बोली बोलणाऱ्या माणसाला आमच्या शास्त्रात 'निवेदक' म्हणतात. निवेदक शक्यतो वयस्क असावा, गाव सोडून फारसा न गेलेला असावा, कमी शिकलेला असावा. मी ते निकष वहीत उतरवून घेतले आणि माझ्या लक्षात आलं की सर माझ्या मायचंच वर्णन करताहेत.

माय चौथी शिकलेली. बाबा एका शाळेत शिपाई होते, आणि तिला माझ्या लहानपणापासून दोनच गोष्टींचा ध्यास होता: कापणीला माहेरी एकोडीला जायचं आणि पोरांना शिकवायचं. माझ्या मामाच्या बांध्या तलावाखाली आहेत. कापणीचे आठ दिवस ती दरसाल तिथं जायची, मामीच्या बरोबरीनं पात धरायची. म्हटलं, काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? मायलाच निवेदक करू, सोबत मामी आणि शेजारच्या बाया आहेतच. आठ दिवसांत चार कॅसेटी भरतील.

पहिल्या दिवशी मामाच्या अंगणात बैठक भरली. मामीनं सारवलं होतं, मामानं खुर्ची मांडली होती, ती माझ्यासाठी. बाया खाली चटईवर बसल्या, मलाच अवघडल्यासारखं झालं. मी बटण दाबलं आणि विचारलं, "धानाचं बी टाकल्यावर जे उगवतं, उपटून दुसरीकडे लावतात, त्याला काय म्हणता?"

मायनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. घसा साफ केला. "आम्ही त्याला रोप असे म्हणतो," ती म्हणाली.

मामीनं तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग म्हणाली, "हो, रोपच म्हनतो आमी."

शेजारच्या दोघींनीही माना डोलावल्या. लेक नागपूरला शिकत असलेली बाई म्हणते आहे तर ते रोपच असणार. लहानपणी याच अंगणात ज्या शब्दांनी माझे कान भरले होते, त्यातला एकही त्या दिवशी कुणी बाहेर काढला नाही. मोटेच्या भागांची नावं विचारणारं एक अख्खं पान प्रश्नावलीत होतं. तलावाच्या पाण्यावर जगणाऱ्या गावात मोट कुणी पाहिली होती? मामा फार विचार करून म्हणाला, "लिव ना, पोरी, तुले जे बरं वाटन ते." संध्याकाळी मी कॅसेट ऐकली. कोणत्याही आकाशवाणीवर लावता आली असती, इतकी स्वच्छ होती.

सरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. यंत्र समोर असलं की माणूस सावध होतो. पाहुण्याला कुणी कान तुटलेल्या कपात चहा देत नाही, तसंच हेही. यंत्र नजरेआड करायचं, कामात असलेल्या माणसाला गाठायचं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी टेपरेकॉर्डर शिदोरीच्या गाठोड्यात लपवला आणि स्वतः विळा घेऊन पातीत उतरले.

पातीची एक रीत असते. बाया शेजारी-शेजारी वाकतात, प्रत्येकीची आपली पट्टी, आणि ओळ एकदम पुढं सरकते. जी मागं पडते तिच्या पट्टीतल्या दोन-चार मुठी शेजारची कापून देते, काही न बोलता. माझ्या एका बाजूला माय होती, दुसऱ्या बाजूला मामी. दोघी माझ्याच मुठी कापत होत्या. दिवसभर मी ऐकत राहिले. मामी हळूहळू मोकळी झाली, शेजारणी झाल्या. माय नाही. माय "सुजाता, विळा असा धर" म्हणाली, "ऊन फार झाले आहे" म्हणाली, "थोडी विश्रांती घे" म्हणाली. विश्रांती! एकोडीच्या त्या बांधीत हा शब्द त्याआधी कुणी उच्चारला असेल असं मला वाटत नाही.

मला राग आला, खरं सांगते. चार कॅसेटींतली एक वाया गेली होती आणि वेळ निघून चालला होता. सरांनी स्पष्ट बजावलं होतं की खरं बोलणं मिळालं नाही तर प्रबंध पुढच्या वर्षावर जाईल. पुढच्या वर्षाचा खर्च बाबांना झेपणारा नव्हता. आणि माझी सख्खी आई मला मदत करायची सोडून बातम्या दिल्यासारखी बोलत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बोअरिंगवर पाणी आणायला गेले. कळशी घेऊन परत येत होते तर धुऱ्यापलीकडून, बांधाच्या आडून, मायचा आवाज आला. भरदार, वर चढलेला, मी कितीतरी दिवसांत न ऐकलेला.

"...मंग मी म्हटलं, बापा, म्हैस तुई, दावा तुआ, अन् सुटून गेली तं माह्या आंगनात येऊन काहून बोंबलून राहिला?"

मामी हसता हसता खालीच बसली. बाकीच्या विळे टाकून पोट धरून हसत होत्या. मी घाईनं धुऱ्यावर चढले. मायनं मला पाहिलं. पदर सारखा केला.

"पाणी आणलंस का, सुजाता?" ती म्हणाली.

सगळ्या विळे उचलून पुन्हा वाकल्या. मी कळशी हातात धरून उभी राहिले. यंत्र लांब झाडाखाली गाठोड्यात, बंद होतं. माय यंत्रासमोर सावध होत नव्हती. ती माझ्यासमोर सावध होत होती.

आणि मला होस्टेलची ती खोली आठवली. मी पहिल्या वर्षाला असताना एका रविवारी माय मला भेटायला नागपूरला आली होती. डबाभर चिवडा, जवसाची चटणी, पिशवीत नवे तांदूळ. खोलीत माझ्या तिघी मैत्रिणी होत्या. माय दारातूनच म्हणाली, "काहून व, इतकी वारून गेली? खाऊन राहिली का नाई?" मी वाळले होते की नाही कोण जाणे. एक मैत्रीण हसली. वाईट हसली नाही, पण 'खाऊन राहिली' एवढं तिनं दुसरीच्या कानात म्हटलं आणि मग दोघी हसल्या. मी मायला नळापाशी नेलं, हात धुवायच्या निमित्तानं. "माय, इथं जरा नीट बोल ना," म्हटलं. ती "बरं" म्हणाली. नंतर खोलीत बसून तिनं चहा घेतला, चौघींकडं बघून हसत राहिली आणि तासभर एक शब्द बोलली नाही. बसमध्ये चढताना खिडकीतून मला म्हणाली, "पत्र पाठव." त्याआधी ती नेहमी 'धाडजो' म्हणायची. फरक माझ्या कानाला जाणवला होता. मला बरं वाटलं होतं, हे लिहिताना आजही लाज वाटते.

मी कळशी ठेवली आणि मायच्या शेजारची पात धरली. बराच वेळ नुसतं कापत राहिले.

"माय, तू माझ्याशी अशी का बोलतेस?"

"अशी म्हणजे कशी?"

"पुस्तकासारखी."

ती थांबली नाही. मूठ कापली, आडवी टाकली, दुसरी धरली. "तूच म्हणाली होतीस ना, नीट बोल म्हणून."

"ते तिथं म्हटलं होतं. होस्टेलात."

"कुठं नीट बोलायचं आणि कुठं नाही, हे मला कसं कळणार? म्हणून मी सगळीकडंच बोलते. तुझ्यापुढं." मग ती जरा संकोचून म्हणाली, "मी शिकले ते. तुझ्या भावाचं मराठीचं पुस्तक वाचते दुपारी, मोठ्यानं. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन असते, तिथं मी म्हटलं, मी वाचते. आधी सगळे हसले. आता मलाच वाचायला लावतात." विळा थांबला. तिनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "मला वाईट येतं का, सुजाता?"

मी एम.ए. करत होते. भाषा कशी शिकली जाते यावर माझा एक अख्खा पेपर होता आणि त्यात मला चांगले गुण होते. आणि चौथी शिकलेली ही बाई वर्षभर, रोज दुपारी, एकटीनं एक भाषा शिकत होती, तिच्या लेकीला चारचौघींत खाली बघावं लागू नये म्हणून. मला दिसलंसुद्धा नव्हतं. कुणी तिची परीक्षा घेतली नव्हती. परीक्षा घेणारी मीच होते आणि मला ते ठाऊक नव्हतं.

"नाही माय," मी म्हटलं, "फार चांगलं येतं." आणि त्या उभ्या धानात मी रडायला लागले.

मामीनं दोन मुठी पलीकडून पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. काही न बोलता ती माझी पात कापू लागली.

"मंग रडते कायले?" मायनं विचारलं. तिच्या तोंडून निसटलं ते.

मी डोळे पुसले. तिला तिच्याच बोलीत उत्तर द्यावं असं फार वाटलं. मी म्हणाले, "मले तुहं पयलचं बोलनं पायजेन हाये व, माय." वाक्य उभं राहिलं आणि तिथंच पडलं. दीड वर्षांत मी माझी जीभ इतकी घासूनपुसून घेतली होती की घरचे शब्दही तिच्यावर उसने वाटत होते.

मग माय हसली. पोटातून, म्हशीच्या गोष्टीला हसावं तशी. "आई वो! वहिनी, आयकलं का? मंडईच्या जत्रंतल्या नाटकातल्या बाईवानी बोलून राहिली हे पोरगी! आपल्यात असं कोन बोलते?" आणि तिनं मला तेच वाक्य म्हणून दाखवलं, तिचं. मी म्हटलं. तिनं पुन्हा दुरुस्त केलं. माझी चूक काढताना तिचा चेहरा इतका खुलला होता की मी मुद्दाम आणखी दोन चुका केल्या.

"आन तुआ तो डबा," ती झाडाखालच्या टेपरेकॉर्डरकडं बोट दाखवून म्हणाली. "इचार आता."

मी गाठोडं उचलून आणलं आणि प्रश्नावली काढली. तिनं ती माझ्या हातातून घेऊन गाठोड्यात खुपसली. "असे नावं नाई भेटत. हातात धर, मंग सांगतो." आणि मग पुढचे पाच दिवस तिनं मला शिकवलं. मूठ कापून मी आडवी टाकली की ती सांगायची, ही कडप. कडपा वाळल्या, मी भारा बांधला, तो सुटला, पुन्हा बांधला, तेव्हा कुठं बंधाचं नाव मिळालं. भारे रचून झाले तेव्हा पुंजनं. काम नीट झालं नाही तर नाव नाही. एका शब्दासाठी तिनं मला गुडघाभर चिखलात उतरवलं आणि वरून मामीला म्हणाली, "शिकून राहिली, शिकू दे." चारातल्या उरलेल्या तिन्ही कॅसेटी भरल्या. त्यांत निम्मं हसणंच आहे.

नागपूरला सरांनी आधी पहिली कॅसेट ऐकली, मग बाकीच्या. "या दोन वेगवेगळ्या बाया आहेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. एकच. माझी आई."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते कडक गृहस्थ होते, प्रबंधात घरगुती गोष्टी त्यांना चालत नसत. त्यांनी पहिली कॅसेट उचलून माझ्यापुढं ठेवली. मग म्हणाले, "पहिली कॅसेट टाकून देऊ नको. तीही तिचीच भाषा आहे. दोन्हींवर लिही." मी लिहिलं. त्यानंतर मी बरंच काही लिहिलं, पण तेवढं मनापासूनचं काही लिहिल्याचं आठवत नाही.

माय आता सत्तरीपलीकडं गेली. बाबा गेल्यापासून माझ्याकडं असते. बाहेरच्यांशी अजून नीट बोलते, आणि नीट म्हणजे फारच नीट; आमच्या सोसायटीचे अध्यक्ष तिला निवृत्त शिक्षिका समजतात. ती त्यांचा गैरसमज दूर करत नाही. माझ्याशी मात्र भांडते, खिदळते, नावं ठेवते, सगळं आपल्या बोलीत. या हिशेबानं मी तिची बाहेरची राहिलेली नाही. मला मिळालेल्या पदव्यांत मी ही सगळ्यात वर धरते.

रविवारी रूपाली आली. केस घट्ट बांधलेले, नवी वही. तिनं फोन टीपॉयवर ठेवला, टिपणारं बटण दाबलं. मायनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते बघत होते आणि ओठ दाबून हसत होते.

"विचार, बाळ," माय म्हणाली.

रूपालीनं विचारलं. मायनं सांगितलं, "पावसाळ्यात आम्ही रोपे लावत असू." रूपाली खाली मान घालून लिहीत गेली. तिला हायसं वाटलेलं दिसत होतं. चार-पाच प्रश्न झाले आणि मायनंच तिला विचारलं, "तुझी आई कुठं असते?"

"चिखल्याला."

"मग तिचे शब्द का नाही घेतलेस?"

रूपालीनं मला दिलेलं उत्तरच पुन्हा दिलं. धान नाही, खाण आहे. अर्धं हिंदी आहे. माय ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं दाराकडं, माझ्याकडं पाहिलं. मग पदर खांद्यावरून खाली पडू दिला.

"हे बंद कर पहिले," ती फोनकडं बोट दाखवून म्हणाली. रूपालीनं दचकून बंद केला.

"तुया मायले मालूम हाये का, तू कॉलेजात काय शिकून राहिली?"

"नाही... म्हणजे, नीट नाही."

"तिनं तुयासंग बोलनं कमी केलं का?"

रूपालीनं पेनाचं टोपण लावलं, काढलं. "फोनवर आधी खूप बोलायची," ती हळू म्हणाली. "आता नुसतं 'बरं आहे, ठीक आहे' म्हणते आणि ठेवते. मला वाटलं, कामात असेल."

"तू काही म्हटलं होतं का तिले?"

तिनं वही मिटली. तिचे कान लाल झाले होते. माझा हात दाराच्या चौकटीवर होता आणि तो मला काढता येईना.

"मंग जाय," माय म्हणाली, आणि इतक्या मायेनं म्हणाली की मलाच कुठंतरी जावंसं वाटलं. "तिले फोन लाव. शब्द नको इचारू. जेवली का, इतकंच इचार. माहे शब्द कुठी पळून नाई चालले."

रूपाली फोन घेऊन गॅलरीत गेली. दार तिनं अर्धं ओढून घेतलं. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग वर्गात मी कधीच न ऐकलेला एक आवाज आला, उंच आणि मोकळा.

"हॅलो, माय? काय करून राहिली व? ...नाई, काही काम नाई. असाच लावला."

मी चहा ठेवायला वळले. मायनं हातानंच मला थांबवलं.

"इतक्यात नको ठेवू," ती म्हणाली. "तिले टाइम लागन."